झाइन, ग्रंथालय आणि बिलाचा प्रश्न

झाइन म्हणजे एखाद्याने किंवा दोन-चार जणांनी मिळून स्वतःच लिहिलेली, कापून-चिकटवून जुळवलेली, झेरॉक्स काढून वाटलेली छोटी पुस्तिका. तिला संपादक नसतो, प्रकाशक नसतो, जाहिराती नसतात. प्रती बहुधा वीसपासून दोन-तीनशेपर्यंत निघतात. अमेरिकेत किंमत साधारण काही डॉलर, नाहीतर सरळ अदलाबदल: तुझं झाइन मला, माझं तुला. विषयाला धरबंध नाही. आवडता बँड, सायकलची दुरुस्ती, घरमालकाची नोटीस आली तर काय करायचं, गर्भपातानंतरचे दिवस, निवाऱ्यात काढलेल्या रात्री, आजीच्या भाषेतल्या शिव्या. यातलं काहीही.

अमेरिकेतल्या बऱ्याच ग्रंथालयांनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत झाइन्सचे संग्रह उभे केले आणि त्यांचा संबंध सामाजिक न्यायाच्या कामाशी जोडला. लांबून हे काम सोपं वाटतं. एक रॅक, एक पोस्टर, शनिवारी एक कार्यशाळा. पण कोणाचा आवाज आत येणार आणि कोणाचा दाराशीच अडणार, हे ठरतं ते फार रुक्ष जागी: खरेदीच्या बिलात, लेखकाच्या नावाच्या रकान्यात, विषयशीर्षकात (पुस्तक कशाबद्दल आहे ते सांगणाऱ्या ठरलेल्या शब्दांत). या लेखाचा भर त्यावरच आहे.

इतिहास थोडक्यात. 1930 साली शिकागोच्या विज्ञानकथा-वेड्यांनी ‘द कॉमेट’ नावाचं पत्रक काढलं. अशा पत्रकांना ‘फॅनझिन’ हे नाव 1940 साली रस शोव्हने याने दिलं; त्याचंच पुढे आखडून ‘झाइन’ झालं. 1959 मध्ये झेरॉक्सचं 914 हे यंत्र आलं आणि पुढच्या दोन दशकांत कार्यालयातलं कॉपी-यंत्र सामान्य माणसाच्या हाती लागलं. 1976 मध्ये लंडनमध्ये मार्क पेरी या पंक संगीताच्या चाहत्याने ‘स्निफिन ग्लू’ हे झाइन काढलं. 1991 च्या सुमारास ऑलिम्पिया आणि वॉशिंग्टन डीसी या अमेरिकन शहरांतून रायट गर्ल ही पंक संगीतातल्या मुलींची स्त्रीवादी चळवळ उभी राहिली. बलात्कार, शरीर, घरातली मारहाण या गोष्टी मुली आपल्या अक्षरात, आपल्या पैशाने छापून टपालाने पाठवू लागल्या. त्याच चळवळीतल्या आणि तिच्या आसपासच्या कृष्णवर्णीय, आशियाई व लॅटिन मुलींनी ‘या चळवळीत आम्ही कुठे आहोत?’ असं विचारणारी झाइन्स काढली. संग्रहात पहिल्या प्रकारची झाइन्स भरपूर आणि दुसऱ्या प्रकारची नावालाच असतील, तर वाचकापर्यंत इतिहास अर्धाच पोचतो.

न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात जेना फ्रीडमन या ग्रंथपालाने 2003 मध्ये झाइन-संग्रह सुरू केला, तेव्हा निवडीचं धोरण लेखी ठरवून घेतलं. स्त्रियांची झाइन्स घ्यायची आणि त्यातही गोऱ्या नसलेल्या स्त्रियांच्या झाइन्सवर खास भर द्यायचा. पुढे स्त्री-पुरुष या चौकटीत न बसणाऱ्यांचाही त्यात समावेश झाला. तिथली दोन प्रतींची पद्धत कोणीही उचलावी अशी आहे. एक प्रत आम्लरहित फोल्डरमध्ये, तापमान-आर्द्रता राखलेल्या खोलीत जाते. दुसरी मिळाली तर ती खुल्या मांडणीवर, वाचकाला घरी नेण्यासाठी. जपणूक आणि वापर यांच्यातला नेहमीचा तंटा दोन-चार डॉलरमध्ये मिटतो. दोन्ही प्रतींची नोंद कॉलेजच्या मुख्य तालिकेत (कॅटलॉगमध्ये) असते. झाइन्ससाठी बाजूला कुठेतरी वेगळी वही ठेवलेली नाही. याचा परिणाम असा, की ‘खाण्याचे विकार’ हा विषय शोधणाऱ्या विद्यार्थिनीला वैद्यकाच्या जाड ग्रंथांच्या यादीत एका सोळा वर्षांच्या मुलीचं चोवीस पानी झाइनही दिसतं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सर्वांत मोलाचा निर्णय तोच.

आता बिल. मोठ्या ग्रंथालयाची खरेदी ठरलेल्या पुरवठादारांकडून होते. नवा विक्रेता आला की त्याची नोंदणी, करक्रमांक, बँक खातं, खरेदी आदेश, मग महिना-दीड महिन्याने धनादेश. तीन डॉलरच्या झाइनसाठी एवढे कागद भरायला लावले, तर ज्याच्याकडे कायम पत्ता नाही, बँक खातं नाही किंवा जो खऱ्या नावाने लिहीत नाही तो पहिल्याच पायरीवरून परत जातो. पांढरपेशा, पदवीधर, वेबसाइटवाला झाइनकर्ता तेवढा उरतो. निवडीचं धोरण कितीही उदार असो, संग्रह मग एकसुरीच होतो.

यावर तीन वाटा निघाल्या आहेत. किरकोळ खर्चाच्या रकमेतून वर्षाला एक ठरावीक रक्कम झाइन्ससाठी राखून ठेवायची आणि साध्या सहीच्या पावतीवर पैसे द्यायचे. किंवा झाइन्स विकणाऱ्या छोट्या वितरकाची एकदाच नोंदणी करायची आणि त्याच्याकडून पन्नास-साठ झाइन्सचं एकत्र बिल घ्यायचं, सोबत यादी जोडायची. नाहीतर झाइन-मेळ्याला जाताना आधीच पैसे भरलेलं कार्ड न्यायचं आणि टेबलांवर फिरून जागीच खरेदी करायची. तिसरी वाट उत्तम, कारण बोलणं होतं, कोण काय करतंय ते कळतं. ‘आम्ही तुमचं झाइन संग्रहात ठेवतो, म्हणून फुकट द्या’ हे मात्र टाळावं. ज्याने तीस डॉलर खर्चून पन्नास प्रती काढल्या, त्याच्या दृष्टीने दोन प्रती म्हणजे काही चिल्लर नाही. देणगी घ्यावी, पण स्वतःहून आली तर.

तालिकीकरणात खरी परीक्षा होते. झाइनला शीर्षकपान नसतं, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख-क्रमांक) नसतो, पुष्कळदा तारीखही नसते. मुखपृष्ठावर एक नाव, आत दुसरं. तिसऱ्या अंकानंतर थेट पाचवा. ग्रंथपाल मग खुणा शोधतो: टपाल-तिकिटाचा दर, आत उल्लेखलेली निवडणूक, बँडच्या दौऱ्याची तारीख. तेवढ्यावरून ‘अंदाजे 1994’ अशी नोंद करता येते. न कळलेली तारीख ठोकून देण्यापेक्षा ‘अंदाजे’ बरं.

लेखकाच्या नावाबाबत या पेशाची जुनी सवय आडवी येते. टोपणनावामागचं खरं नाव, जन्मसाल शोधून नोंद पक्की करणं हे चांगल्या तालिकाकाराचं लक्षण मानलं जातं. झाइनच्या बाबतीत त्यानेच घात होतो. जिने 1995 मध्ये फक्त ‘लीसा’ एवढ्याच नावाने बापाच्या मारहाणीबद्दल लिहिलं, तिचं आडनाव शोधून तालिकेत घालणं म्हणजे तिने मुद्दाम लावलेली कडी बाहेरून काढणं. काही लेखकांनी पुढे लिंगओळख बदलली, नाव बदललं. त्यांचं जुनं नाव नोंदीत राहिलं की कोणीही ते शोधून काढू शकतं. एका ग्रंथालयाची नोंद सामायिक तालिकांमधून शेकडो ठिकाणी उतरते, त्यामुळे नंतर आपल्याकडची दुरुस्त केली तरी बाकीच्या तशाच राहतात. म्हणून नियम साधा ठेवलेला बरा: झाइनवर जे नाव, जेवढं नाव, तेवढंच नोंदीत. गाव लिहायचं, घराचा पत्ता नाही. त्या काळी टपालाने मागणी यायची म्हणून लोक घरचा पत्ता बिनदिक्कत छापत. तो आज तालिकेत नकोच.

विषयशीर्षकांचा घोळ आणखी जुना. अमेरिकेतली बहुतेक ग्रंथालयं वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयाने ठरवलेली शीर्षकं वापरतात. कागदपत्रांशिवाय राहणाऱ्या स्थलांतरितांसाठी त्या यादीत ‘बेकायदा परके’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग होता. 2014 मध्ये डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी तो बदलण्याची मागणी केली. 2016 मध्ये लायब्ररीने बदल जाहीर केला, त्यात अमेरिकन काँग्रेसमधले राजकारणी पडले, आणि अखेर नोव्हेंबर 2021 मध्ये नवी शीर्षकं ठरली. सात वर्षं. ज्या मुलाने आपल्या आईच्या हद्दपारीवर झाइन लिहिलं, त्याच्या नोंदीवर इतकी वर्षं कोणता शिक्का बसत होता याचा विचार करा. यादी बदलेपर्यंत थांबायची गरज नसते. नोंदीत सारांशाचा रकाना असतो. तिथे लेखकाने स्वतःसाठी वापरलेले शब्द जसेच्या तसे घालायचे, म्हणजे त्या शब्दांनीही शोध लागतो. दोन-तीन वाक्यांचा सारांश पुरतो: कोण लिहितंय (झाइनमध्ये सांगितलं असेल तेवढंच), कशाबद्दल, आत काय काय आहे (कविता, चित्रकथा, पाककृती, पत्रव्यवहार) आणि बांधणी कशी. एका झाइनला वीस मिनिटं ते पाऊण तास लागतो. दोनशे झाइन्स घेतली आणि नोंदींसाठी माणूस नाही, ही अवस्था फार ठिकाणी दिसते. खोक्यात पडलेलं झाइन वाचकापर्यंत पोचत नाही. वेळच नसेल तर पेटीनिहाय यादी करावी: पेटी क्रमांक, शीर्षकं, ढोबळ विषय. काहीच नसण्यापेक्षा ते बरं.

झाइन ग्रंथपालांच्या गटाने 2015 मध्ये एक आचारसंहिता तयार केली. त्यात झाइन्स स्कॅन करून वेबवर टाकण्याचाही विचार केलाय. पन्नास ओळखीच्यांसाठी लिहिलेला मजकूर आणि इंटरनेटवर नाव टाकताच वर येणारा मजकूर यांत फार अंतर आहे. सतराव्या वर्षी लिहिलेलं झाइन पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी देणाऱ्याला सापडावं असं कोणाच्या मनात होतं? म्हणून वेबवर टाकण्याआधी लेखकाला गाठायचं, विचारायचं आणि गाठता आलं नाही तर संपूर्ण मजकुराऐवजी फक्त नोंद आणि फार तर मुखपृष्ठ ठेवायचं. लेखकाने झाइन मागे घ्यायला सांगितलं तर काय करायचं, याचं उत्तर प्रत्येक ग्रंथालयाने आधीच लिहून ठेवलेलं असावं. मधल्या वाटा असतात: मांडणीवरून काढून फक्त मागणीवर दाखवणं, काही वर्षांसाठी बंद ठेवणं, नाव झाकणं. संशोधक कुरकुर करतात. करू द्यावी.

बाहेर जाऊन करायच्या कामात कार्यशाळा ही सगळ्यात लोकप्रिय गोष्ट. तिचं तंत्र नीट सांगतो.

एका ए-फोर कागदाचं आठ पानी झाइन होतं, प्रत्येक पान साधारण 74 बाय 105 मिलिमीटर. कागद आडवा ठेवा. उभ्या घड्यांनी चार सारखे रकाने आणि मधोमध एक आडवी घडी, म्हणजे आठ चौकोन. आता कागद डावी-उजवी कड जुळवून एकदाच दुमडा. घडीच्या बाजूकडून, आडव्या घडीवरून, पुढच्या उभ्या घडीपर्यंतच कापा. कापाची लांबी 74 मिलिमीटर भरते. उलगडलं की मधल्या दोन रकान्यांमध्ये फट दिसेल. कागद आडव्या घडीवर लांबट दुमडून दोन्ही टोकं आत ढकला, फट उघडून अधिकचिन्ह तयार होतं. ते मिटलं की झालं झाइन. पानांचा क्रम: खालची ओळ डावीकडून 8, 1, 2, 3. वरची ओळ डावीकडून 7, 6, 5, 4, आणि ही वरची चारही पानं उलटी. हा क्रम कागदावर छापूनच द्यावा. नाहीतर निम्म्या लोकांची चार पानं डोक्यावर उभी राहतात.

चुका ठरलेल्या असतात. काप एक रकाना जास्त गेला की कागदाचे दोन तुकडे होतात, म्हणून जिथे थांबायचं तिथे आधी ठिपका द्यायचा. कॉपी-यंत्र कागदाच्या कडेचे चार-पाच मिलिमीटर छापतच नाही, तेव्हा चारही बाजूंनी एक सेंटिमीटर मोकळा सोडायचा. पेन्सिल आणि फिकी निळी शाई कॉपीत पुसट येते, पिवळं हायलायटर नाहीसं होतं किंवा राखाडी डाग पाडतं. काळं जेल पेन वापरावं. डिंकाने कागद सुरकुततो आणि सुरकुतीची सावली छापली जाते, त्यापेक्षा खोडरबरासारखी घट्ट ग्लू-स्टिक चांगली. देवनागरी हाताने लिहिताना ओळींमध्ये जागा जास्त सोडावी लागते, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात. टाइप करत असाल तर अकरा-बारा पॉइंटच्या खाली जाऊ नका.

पंधरा जणांसाठी दोन तास हवेत. पहिली पंधरा मिनिटं खरी झाइन्स हाताळायला. हे गाळू नये. ओबडधोबड, वाकड्या अक्षरातलं काम संग्रहात बसलेलं दिसलं की ‘मला चित्र येत नाही’ म्हणणारे गप्प होतात. दहा मिनिटं घडी, तासभर काम, वीस मिनिटं कॉपी काढायला, उरलेला वेळ अदलाबदल. जुन्या मासिकांचा ढीग मध्ये ठेवला तर लोक चाळत बसतात आणि तास संपतो, म्हणून कात्रणं आधीच काढून ठेवावीत. कात्र्या आठ, पेनं वीस, कागद प्रत्येकी तीन. कॉपी-यंत्र त्याच इमारतीत असावं. ‘नंतर काढून पाठवतो’ म्हटलेल्या प्रती क्वचितच पोचतात.

विषय देताना एक पथ्य पाळावं. ‘तुमच्या वाट्याला आलेला अन्याय लिहा’ असं निवाऱ्यातल्या किंवा सुधारगृहातल्या मुलांना सांगणं म्हणजे त्यांच्याकडून दुःखाचा नमुना मागणं. त्याऐवजी त्यांना जे येतं ते विचारावं: या भागात रात्री कुठे सुरक्षित बसता येतं, कोणत्या कचेरीत कोणत्या खिडकीला गेलं की काम होतं, पन्नास रुपयांत किंवा दोन डॉलरमध्ये पोटभर काय मिळतं. ती झाइन्स दुसऱ्यांच्या कामी येतात आणि अन्याय त्यात आपोआप दिसतोच. मार्गदर्शन करणारी व्यक्ती त्याच समाजातली असेल तर उत्तम, आणि तिला मानधन द्यावं. चहा-बिस्किटांवर भागवू नये.

झालेलं झाइन ज्याचं त्याचं. ग्रंथालयाला प्रत हवी असेल तर तीन प्रश्न सुटे-सुटे विचारावेत: एक प्रत ठेवू का, कोणत्या नावाने, वेबवर टाकू का. तिन्ही एकाच सहीखाली गुंडाळले की लोक न वाचता सही करतात. चेहऱ्यांचे फोटो काढून वार्षिक अहवालात छापण्याची हौस आवरावी, हातांचे आणि कागदांचे फोटो पुरतात.

तुरुंगात झाइन्स पाठवणाऱ्यांनी टाचण्यांकडे (स्टेपलरच्या पिनांकडे) लक्ष द्यावं. अमेरिकेतल्या अनेक तुरुंगांत धातूची टाचणी किंवा तार आत सोडत नाहीत आणि अख्खं पाकीट परत येतं. दुमडलेलं एकपानी झाइन चालून जातं, जाड असेल तर मधोमध दोऱ्याने शिवावं. स्टिकर, चकाकी आणि रंगीत कागद टाळावेत. प्रत्येक तुरुंगाचे नियम वेगळे, म्हणून आधी विचारून घ्यावं.

महाराष्ट्रात हा प्रकार मुळीच नवा नाही. 1954 मध्ये अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून (स्टेन्सिलवरून शाईने प्रती काढून) काढलं. 1963 मध्ये अशोक शहाणे यांचं ‘असो’ आलं. साठोत्तरी अनियतकालिकांची ती पिढी, शाळा-वसतिगृहांतली हस्तलिखितं, वस्तीतली भित्तिपत्रकं, मोर्चात वाटलेल्या चार पानी पुस्तिका ही सगळी झाइनचीच भावंडं. मुंबईच्या त्या काळातल्या कवींच्या कागदपत्रांचा एक मोठा संग्रह आज न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. आपल्याकडच्या गावोगावच्या वाचनालयांत त्या अंकांचा माग काढणं अवघड, आणि कारण पुन्हा तेच. नियतकालिकांच्या नोंदवहीत महिन्यांचे रकाने असतात, ज्याचा पुढचा अंक कधी येईल हे संपादकालाच ठाऊक नाही ते कुठल्या रकान्यात लिहायचं? दाखल नोंदवहीत प्रकाशक, किंमत, बिल क्रमांक मागतात.

तरी वाट निघते. साध्या कागदावर लेखकाच्या सहीची पावती घ्या आणि वीस-पंचवीस पुस्तिकांची एक यादी जोडून एकच बिल करा. लेखकाने आपणहून भेट दिली तर देणगी म्हणून दाखल करा. प्रकाशकाच्या रकान्यात ‘लेखक स्वतः’ लिहा. ठरावीक अंतराने निघणारं आणि सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरची मतं छापणारं काही काढायचं असेल, तर 1 मार्च 2024 पासून लागू झालेल्या नियतकालिक नोंदणी कायद्याकडे पाहावं लागेल.

साठवणीत कोकण-मुंबईच्या दमट हवेचा विचार हवा. स्टेपलरच्या टाचण्या दोन-तीन पावसाळ्यांत गंजतात आणि कागदाला तपकिरी भोकं पाडतात. बोथट सुरीने त्या अलगद सरळ करून काढा आणि त्याच भोकांतून सुती दोरा घाला. चकचकीत, वास येणाऱ्या पीव्हीसी पिशव्यांत झेरॉक्सची पानं ठेवू नका, शाई पिशवीला चिकटून सुटून येते. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पिशवी चालते, नाहीतर आम्लरहित कागदाचा साधा लखोटा. बिलाच्या रोलसारख्या उष्णतेवर छापणाऱ्या कागदावर काही असेल तर ते आल्याच दिवशी साध्या कागदावर कॉपी करून ठेवा, वर्ष-दोन वर्षांत तो कोरा पडतो. सायक्लोस्टाइलचा जुना पिवळा कागद घडीवर तुटतो, म्हणून तो उघडा पसरून, मध्ये पातळ आम्लरहित कागद घालून आडवाच ठेवावा. दाखल क्रमांक मऊ पेन्सिलीने मागच्या पानाच्या कोपऱ्यात घाला. वाचनालयाचा जांभळा शिक्का मुखपृष्ठावर मारू नका, बहुतेक झाइन्समध्ये ते मुखपृष्ठच सगळ्यात मेहनतीने केलेलं असतं.